जुना टर्बो: घ्यावा, पण कशासाठी?

भाईंदर पूर्वेची खारी, नवघर, गोडदेव ही गावं एकेकाळी मिठागरांच्या शेजारची होती. आज तिथे इमारतींची दाटी आहे, औद्योगिक गाळ्यांत यंत्रं चालतात आणि सोसायट्यांच्या फाटकाबाहेर दुतर्फा गाड्या लागतात. त्या रांगेत डिझेलची स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा अजूनही दिसते. मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, पण विकल्या गेलेल्या गाड्या रस्त्यावर आहेतच. वडिलांची गाडी मुलाकडे आली आहे, मोठ्या भावाची धाकट्याकडे, किंवा कुणी ती तिसऱ्या हाताने स्वस्तात घेतली आहे. या नव्या मालकाला गाडी नुसती चालवायची नसते, तिच्यात आणखी जोर हवा असतो. मग एक प्रश्न उभा राहतो. तो खारीतला आहे तसाच पुण्यातला, नाशिकचा, कोल्हापूरचाही आहे: इंजिनाची ताकद वाढवायला कटिंगच्या, म्हणजे कापून सुटे भाग विकलेल्या, गाडीतून निघालेला जुना टर्बो घ्यावा का?

याची दोन उत्तरं लगेच मिळतात. एक जण म्हणतो, जुना टर्बो म्हणजे पैसे पाण्यात. दुसरा म्हणतो, कंपनीचा माल आहे, चालू गाडीतून काढलाय, नव्याच्या पैशात असे चार येतील. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. फक्त दोघेही एक फरक सोडून देतात. गेलेला टर्बो बदलणं हे एक काम आणि जास्त ताकदीसाठी वेगळा टर्बो बसवणं हे दुसरं. पहिल्या कामाला जुना टर्बो, नीट अटी घालून, चांगला पर्याय आहे असं मला वाटतं. दुसऱ्या कामाला तो घेऊ नये असं माझं मत झालं आहे. ते मत सहज झालेलं नाही, कारण विरुद्ध बाजूला वजनदार कारणं आहेत आणि ती मांडणारी माणसं बहुधा गाडीवर मनापासून प्रेम करणारी असतात.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंनी एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकावरच्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, इतकी ती साधी कल्पना. जास्त हवा आली की जास्त इंधन जाळता येतं आणि लहान इंजिन मोठ्यासारखं ओढतं. पण साधेपणा कल्पनेत आहे, वस्तूत नाही. लहान मोटारीच्या टर्बोचा दांडा पूर्ण जोरात मिनिटाला २ लाख फेऱ्यांच्या आसपास जातो. समजा हवेच्या बाजूचं चाक ४० मिलिमीटर व्यासाचं आहे. मग त्याची कड सेकंदाला ४०० मीटरहून अधिक अंतर कापते, म्हणजे आवाजालाही मागे टाकते. डिझेल गाडीत टर्बाइनकडे येणारा वायू सात-आठशे अंशांपर्यंत तापतो, पेट्रोलमध्ये हजाराच्या जवळ जातो. तिथून बोटभर अंतरावर दुसरं चाक ॲल्युमिनियमचं असतं. या दोघांना जोडणारा दांडा बहुतेक गाड्यांत तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल येईनासं झालं, काळं घट्ट झालं किंवा त्यात कचरा आला, की धातू धातूला लागतो आणि नुकसान व्हायला काही सेकंद पुरतात.

म्हणूनच टर्बो किती जुना आहे, गाडी किती किलोमीटर चालली, हे प्रश्न दुय्यम आहेत. मागच्या मालकाने इंजिन ऑइल वेळेवर बदललं का, घाट चढून आल्याबरोबर इंजिन बंद करायची सवय त्याला होती का, एअर फिल्टर फाटलेला असताना गाडी चालवली का, यावर टर्बोचं उरलेलं आयुष्य ठरतं. आणि नेमक्या याच गोष्टी दुकानातल्या फळीवर पडलेल्या टर्बोला पाहून कळत नाहीत. जुना गिअरबॉक्स किंवा जुना दरवाजा घेताना इतका अंधार नसतो. जुना टर्बो घेणाऱ्याची खरी अडचण किमतीची नाही, ती या न दिसणाऱ्या इतिहासाची आहे.

तरीही हातात घेऊन बरंच कळतं, आणि ज्याला घ्यायचाच आहे त्याने ते शिकून घ्यावं. दांडा दोन बोटांत धरून आडवा हलवला तर किंचित हलतो. तेलाचा थर नसताना ते स्वाभाविक आहे, त्याने घाबरू नये. पण हलवताना चाकाची पाती घराला घासत असतील तर तो टर्बो तिथेच ठेवावा. दांडा आत-बाहेर ओढून पाहिला तर हाताला हालचाल जाणवता कामा नये. ती जाणवली तर थ्रस्ट बेअरिंग संपलं आहे. हवेच्या बाजूच्या पात्यांवर खाचा दिसल्या तर फिल्टरमधून काहीतरी आत गेलेलं आहे. गरम बाजूच्या घराला, जादा वायू सोडणाऱ्या वेस्टगेटच्या भोकाभोवती, तडे गेलेत का ते बॅटरी मारून पाहावं. भूमिती बदलणारा, म्हणजे व्हीजीटी प्रकारचा टर्बो असेल तर ॲक्च्युएटरची काडी हलवून आतल्या पट्ट्या मोकळ्या फिरतात की काजळीने अडकल्यात, हे तपासावं. बाहेरच्या गंजाला मात्र फार महत्त्व देऊ नये. गरम बाजूचं घर ओतीव लोखंडाचं असतं, ते गंजतंच, आणि खाडीकाठच्या हवेत तर लवकर गंजतं. गंज आतल्या तेलाच्या वाटेत दिसला तर गोष्ट वेगळी. ती गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. पावसाळ्यात मीरा रोड-भाईंदरच्या सखल भागांत पाणी साचतं हे इथल्या गाडीवाल्यांना सांगायला नको, आणि बुडालेल्या गाड्यांचे भाग बाजारात येतात हेही त्यांना ठाऊक आहे.

एवढं सगळं पाहूनही जे मोडलं आहे तेच कळतं. जे अर्धं झिजलं आहे ते कळत नाही. बेअरिंगवरचे ओरखडे, तापून निळा पडलेला दांडा, झिजलेल्या सीलच्या रिंगा, या गोष्टी टर्बो उघडल्याशिवाय दिसत नाहीत. दुकानदार म्हणतो, "भाऊ, चालू गाडीतला आहे, बिनधास्त लावा." तो खोटं बोलत असेल असं नाही. बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसतं.

आता जुन्याच्या बाजूने बोलतो, आणि आखडतं न घेता बोलतो. खरेदीदारापुढे 'जुना की नवा' एवढीच निवड असती तर सोपं होतं. प्रत्यक्षात तीन वस्तू असतात. मूळ कंपनीचा नवा टर्बो, जो महाग पडतो. कंपनीच्या आकाराची हुबेहूब नक्कल, जी खोक्यात चकचकीत येते आणि स्वस्त असते. आणि मूळ कंपनीचाच जुना टर्बो. या तिघांत सर्वांत फसवा मधला आहे. टर्बाइनचं चाक कोणत्या मिश्रधातूचं आहे, ते दांड्याला कसं जोडलं आहे, फिरत्या भागाचा तोल किती बारकाईने साधला आहे, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं आणि नक्कल करणारा नेमका तिथेच पैसे वाचवतो. गॅरेट, बोर्गवॉर्नर, आयएचआय यांसारख्या कंपन्यांच्या मूळ टर्बोचं ओतकाम मात्र दहा-बारा वर्षांनंतरही बहुधा शाबूत असतं. झिजतो तो मधला गाभा, ज्याला मेकॅनिक कोअर किंवा कार्ट्रिज म्हणतात: दांडा, दोन चाकं, बेअरिंगं आणि सील. बाहेरची दोन्ही घरं चांगली असतील तर गाभा नवा घालून तोच टर्बो पुन्हा उभा राहतो.

माझ्या मते या व्यवहाराची किल्ली इथे आहे. जुना टर्बो चालू टर्बो म्हणून विकत घेऊ नये. चांगली बॉडी म्हणून घ्यावा आणि आत बरंच काही बदलावं लागणार हे धरूनच किंमत ठरवावी. बॉडीची किंमत, नवा गाभा किंवा चांगल्या दुकानातलं रिबिल्डिंग, गॅस्केट, ऑइलचा नवा पाइप, ऑइल आणि फिल्टर हे सगळं मिळवून जो आकडा येतो तो नव्या मूळ टर्बोच्या शेजारी ठेवावा. तो बराच खाली असेल तर जुना घेण्यात शहाणपण आहे. थोडाच खाली असेल तर नवाच घ्यावा, कारण त्याच्यासोबत लेखी हमी येते. २०२५ च्या सप्टेंबरपासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. आधी अनेक भागांवर २८ टक्के होता. तेव्हा जुना हिशेब डोक्यात ठेवून नव्याला महाग म्हणण्याआधी आजचा भाव विचारून पाहावा.

रिबिल्डिंगमध्येही दोन जाती आहेत. एका ठिकाणी टर्बो उघडून धुतात, किटमधली बेअरिंगं आणि रिंगा घालतात आणि बंद करून हातात देतात. दुसऱ्या ठिकाणी फिरता भाग बॅलन्सिंग मशीनवर चढवतात, तोल किती होता आणि किती केला याचा कागद देतात, आणि व्हीजीटी असेल तर पट्ट्यांची किमान उघडीक फ्लो बेंचवर जुळवतात. मिनिटाला २ लाख फेऱ्या मारणाऱ्या वस्तूचा तोल डोळ्यांनी जमत नाही. पहिल्या प्रकारचं काम स्वस्त असलं तरी ते परत करावं लागण्याचा धोका मोठा असतो. बॅलन्सिंगचा कागद मागावा. जो देत नाही त्याच्याकडे टर्बो देऊ नये.

आणि बसवणं. आधीचा टर्बो का गेला, याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसरा लावला तर तोही जातो. ऑइलचा पाइप आतून कार्बनने अर्धा बंद झालेला असतो, परतीच्या पाइपात अडथळा असतो, किंवा क्रँककेसचा श्वास कोंडलेला असतो, आणि दोष मात्र नव्या टर्बोवर येतो. तुटलेल्या टर्बोचे तुकडे आणि तेल इंटरकूलरमध्ये राहिलं तर धोका आणखी वाढतो. डिझेल इंजिन ते साठलेलं तेलच इंधन म्हणून ओढू लागतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही, असं घडू शकतं. इंटरकूलर खोलून स्वच्छ करणं, बसवताना टर्बोत तेल ओतणं, पहिल्यांदा सुरू केल्यावर काही वेळ इंजिन आयडलवर ठेवणं या छोट्या गोष्टी टर्बोच्या ब्रँडपेक्षा जास्त मोलाच्या आहेत. घाईच्या गॅरेजमध्ये त्याच राहून जातात.

इथपर्यंत बोललो ते जसाच्या तसा टर्बो बदलण्याबद्दल. आता ताकद वाढवण्याकडे येतो.

महाराष्ट्रासाठी याचं सर्वांत ओळखीचं उदाहरण म्हणजे १२४८ सीसीचं मल्टिजेट. मूळ फियाटचं हे डिझेल इंजिन पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला फियाटच्या कारखान्यात तयार झालं आणि परवान्यावर मानेसरला मारुतीसाठीही. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया, एसएक्स-फोर, अर्टिगा, सियाझ अशा किती गाड्यांत ते गेलं याची यादी लांब आहे. लोक त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. त्याची दोन रूपं. एक ७५ पीएस आणि १९० न्यूटन-मीटरचं, साध्या टर्बोचं. दुसरं ९० पीएस आणि २०० न्यूटन-मीटरचं, व्हीजीटी टर्बोचं. इंजिनाचं नाव एकच, सीसी तेच, मग अर्टिगातून निघालेला व्हीजीटी आपल्या स्विफ्टला लावला की १५ घोडे वाढले, हा मोह अगदी समजण्यासारखा आहे.

पण त्या १५ घोड्यांचं श्रेय एकट्या टर्बोचं नाही. साध्या टर्बोची वेस्टगेट हवेच्या दाबाने आपोआप उघडते. व्हीजीटीच्या पट्ट्या मात्र कुठल्या वेगाला किती उघडायच्या हे गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, सांगतो आणि त्यासाठी व्हॅक्यूमची वाहिनी, सोलेनॉइड, वायरिंग आणि त्या संगणकात त्या कामाचा मॅप लागतो. त्याशिवाय पट्ट्या एका जागी अडकल्यासारख्या राहतात आणि मग खालच्या वेगात बूस्ट, म्हणजे दाबलेल्या हवेचा जोर, नाही, वरच्या वेगात नको तितका, असं होऊ शकतं. हवा वाढली तरी इंधन त्याच प्रमाणात वाढवायला मॅप बदलावा लागतो. इंधन जास्त झालं की काळा धूर आणि वाढलेली उष्णता, आणि ती उष्णता पहिल्यांदा सोसतो तोच जुना टर्बो, ज्याचा इतिहास आपल्याला माहीत नाही.

दुसरा मोह मोठ्या टर्बोचा. समजा, इनोव्हाचा २४९४ सीसीच्या इंजिनाचा टर्बो कुणी स्वस्तात देतो म्हणाला. गणित करून पाहू. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा ओढतं. १२४८ सीसीचं इंजिन ४००० आरपीएमला, बूस्ट नसताना, मिनिटाला जास्तीत जास्त सुमारे २५०० लिटर हवा घेईल. दुप्पट सीसीचं इंजिन तितक्याच वेगाला दुप्पट घेईल. जो टर्बो दुप्पट हवेच्या प्रवाहासाठी आखला आहे त्याला लहान इंजिनाचा धूर उशिरा फिरवतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर बराच वेळ काही घडत नाही आणि मग एकदम धक्का येतो. फाटक रोड किंवा नवघर रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत, जिथे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही, हा लॅग रोजचा मनस्ताप होतो. काशिमिऱ्याला महामार्गाला लागल्यावर जो काही जोर मिळेल तो मिळेल, पण दिवसातला बहुतेक वेळ गाडी आधीपेक्षा मठ्ठ चालते. शिवाय हवेचा प्रवाह कमी आणि दाब जास्त अशा स्थितीत टर्बो सर्जमध्ये जातो, हवा उलटी धडका देते आणि थ्रस्ट बेअरिंग झिजतं.

ट्यूनिंग करणारा जाणकार यावर म्हणेल, आम्ही हे सगळं जाणतो. आम्ही कंप्रेसर मॅप पाहून टर्बो निवडतो, वायूचं तापमान मोजतो, लॉग घेऊन मॅप बदलतो, क्लच आणि इंटरकूलरही वाढवतो. अशी माणसं महाराष्ट्रात आहेत आणि त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' नावाची ड्रॅग स्पर्धा भरते. तिथे मॉडिफाय केलेल्या गाड्या घड्याळाशी झुंजतात आणि त्यांच्यामागे महिनोन्महिन्यांची मेहनत असते. या छंदातून हात तयार होतात, कान तयार होतात. पुस्तकातला थर्मोडायनॅमिक्स ज्याला कधी कळला नाही त्याला तो बूस्ट गेजसमोर कळतो. हा छंदच बंद करा असं म्हणणाऱ्यांच्या मी विरोधात आहे.

पण नेमका हा जाणकारच जुना, अज्ञात टर्बो घेणार नाही. घेतलाच तर उघडून, तपासून, बॅलन्स करून घेईल. म्हणजे त्याचं उदाहरण आपल्या सामान्य खरेदीदाराच्या कामाला येत नाही. स्वस्त म्हणून जुना टर्बो घेणाऱ्याकडे बाकीच्या कामाचेही पैसे नसतात, आणि मॉडिफिकेशनमध्ये टर्बो हा खर्चाचा लहान भाग असतो. ब्रेक तेच, टायर तेच, क्लच तोच, हेड गॅस्केट तेच आणि वर जास्त बूस्ट, हे गणित मला पटत नाही. मूळ ताकदीवर चालणाऱ्या इंजिनात टर्बो गेला तर गाडी टोचन करून गॅरेजला जाते. बूस्ट वाढवलेल्या इंजिनात गेला तर पिस्टनपर्यंत नुकसान पोहोचू शकतं, आणि वरसाव्याच्या पुलावर ट्रकांच्या मध्ये गाडी अचानक ढिली पडली तर पैशांपलीकडचंही.

कायदा तर इथे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सीएनजी किट किंवा अपंग व्यक्तीसाठीची रचना असे अपवाद आहेत, ताकद वाढवणं त्यांत नाही. केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ ला हीच भूमिका पक्की केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये मालकासाठी शिक्षा आणली: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नंबरप्लेट एमएच-०४ असो की मीरा-भाईंदरची नवी एमएच-५८, नियम तोच. विम्याचाही प्रश्न आहे. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्वेक्षकाच्या नजरेत आला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. त्याच जातीचा, त्याच क्षमतेचा मूळ टर्बो बदलणं ही दुरुस्ती आहे आणि तिला यातलं काही लागू होत नाही. माझा वरचा भेद कायद्याच्या बाजूनेही टिकतो, हे मला महत्त्वाचं वाटतं.

कायदा फार कडक आहे, असं म्हणणाऱ्यांचं एक म्हणणं मला पटतं. सरसकट मनाई केली की चांगलं काम करणाराही लपून काम करतो, आणि लपून झालेल्या कामाची तपासणी कुणी करत नाही. पुण्यात एआरएआयसारखी संस्था १९६६ पासून आहे, गाड्या आणि त्यांचे भाग तपासण्याची क्षमता तिच्याकडे आहे. ठरावीक मर्यादेतले बदल तपासून, शुल्क घेऊन, नोंदणीपत्रावर चढवण्याची वाट सामान्य मालकासाठी खुली व्हायला हवी. ती होईपर्यंत मात्र ज्याला बूस्ट वाढवायचा आहे त्याने ती गाडी स्पर्धेपुरती ठेवावी आणि ट्रेलरवरून न्यावी. हे महाग पडतं याची मला जाणीव आहे.

अजून एक बाब, जी किमतीच्या चर्चेत मागे पडते. हा टर्बो आला कुठून? कुर्ल्याचा सुट्या भागांचा बाजार असो की आणखी कुठला, तिथले बहुतेक व्यापारी विमा कंपन्यांकडून निघालेल्या किंवा मालकाने विकलेल्या गाड्या कापून माल विकतात आणि तो सचोटीचा धंदा आहे. कापलेल्या गाडीचा भाग पुन्हा वापरात आला तर नवं लोखंड ओतण्याचा खर्च आणि धूर वाचतो. पण उत्तर प्रदेशातल्या मीरतचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या कापण्यासाठी इतका बदनाम झाला की २०२१ च्या डिसेंबरमध्ये पोलिसांनी तो बंद पाडला. चोरलेली गाडी गिऱ्हाइकाच्या मागणीवरच कापली जाते. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अर्ध्या भावात, बिलाशिवाय, क्रमांकाची पट्टी खरवडलेला टर्बो हे असं कारण आहे. टर्बोवरच्या पट्टीवर भाग क्रमांक आणि अनुक्रमांक असतो. ते दोन्ही बिलावर लिहून घ्यावेत, कोणत्या गाडीतून काढला तेही लिहून घ्यावं. व्यापारी नाही म्हणाला तर उठून यावं, मग टर्बो कितीही चांगला दिसो.

याबाबत सरकारकडूनही अपेक्षा आहे. २०२१ च्या नियमांनी नोंदणीकृत मोडणी केंद्रं उभी केली आणि तिथे गाडी दिली की मालकाला दाखला मिळतो. तसाच एक माग त्या गाडीतून निघालेल्या टर्बो, गिअरबॉक्स, ईसीयू यांसारख्या महागड्या भागांनाही लागला पाहिजे. कोणत्या गाडीतला, कधी काढला, कुठे तपासला, एवढं जरी ग्राहकाला मोबाइलवर दिसलं तरी न दिसणाऱ्या इतिहासाची अडचण अर्धी सुटेल आणि चोरांचं गिऱ्हाईकही कमी होईल. मीरा-भाईंदर आणि वसई-विरारला २०२० पासून स्वतःचं पोलीस आयुक्तालय आहे. चोरीच्या गाड्यांचा तपास करणाऱ्यांना असा माग मिळाला तर त्यांचंही काम सोपं होईल. ही मागणी आताच करायला हवी, कारण आजच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्याही टर्बोवर चालतात. त्या दहा वर्षांनी कटिंगला येतील तेव्हा या बाजारात आजच्यापेक्षा खूप जास्त टर्बो असतील, आणि पेट्रोलच्या जास्त उष्णतेमुळे त्यांच्या घरांना तडे गेलेले असण्याची शक्यताही जास्त असेल.

एका मालकासाठी मात्र माझ्या सगळ्या सावधगिरीला मुरड घालावी लागते. फियाटने २०१९ मध्ये भारतात गाड्या विकणं थांबवलं. लिनिया टी-जेट, १३६८ सीसीची, ११४ पीएसची ती पेट्रोल गाडी, आजही काही जण जिवापाड सांभाळतात. तिचा टर्बो गेला तर नव्याची वाट पाहण्यात महिने जातात आणि तो येईलच असं नाही. अशा माणसाला "जुना घेऊ नका" असं सांगणं म्हणजे गाडी भंगारात द्या असं सांगणं आहे. त्याने जुना टर्बो जरूर शोधावा, कुर्ल्यात शोधावा, दुसऱ्या राज्यात शोधावा, बिल घ्यावं, गाभा नवा घालून बॅलन्स करून घ्यावा. आणि कुणी सुचवलं की हाताला लागलाच आहे तर बूस्टही थोडा वाढवू, तर कंपनीने ठेवला होता तेवढाच राहू द्यावा.